त्र्यंबकेश्वर : नावांच्या वह्या आणि चेहऱ्यांची चित्रे

नाशिकाहून त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूचे लक्ष बहुधा पुढे लागलेले असते. ब्रह्मगिरीचा कडा केव्हा दिसेल, कुशावर्तावर स्नान केव्हा घडेल, ह्या ओढीत सुमारे तीस किलोमीटरांची वाट सरून जाते आणि वाटेत काय होते असे घरी परतल्यावर कोणी विचारले तर धड सांगता येत नाही. आमचे तसे होऊ नये असा ह्या खेपेस आम्ही निश्चय केला होता. वडिलांच्या मनात महालय एकदा तरी क्षेत्री करावा असे फार दिवस होते. भाद्रपदाचा वद्य पक्ष, पाऊस ओसरलेला, बरोबर वडील व आमच्या आत्याबाई, म्हणजे ऐंशीच्या आगेमागे असलेली बहीणभावंडे. तेव्हा घाई करण्याचे कारणही नव्हते. चित्रकलेचा अभ्यास करणाऱ्या आमच्या पुतण्याने प्रवासात चाळावयास म्हणून एक जाडजूड पुस्तक पिशवीत घातले होते. जपानातील नटांची जुनी छापील चित्रे त्यात होती. श्राद्धाच्या प्रवासात हे पुस्तक कशाला, असे वडील म्हणाले खरे. परंतु पुढे त्याचा उपयोग झाला तो सर्वांत अधिक त्यांनाच.

डाव्या हातास अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती. पण त्याच परिसरात प्राचीन नाण्यांचा अभ्यास करणारी एक संशोधनसंस्था १९८० पासून काम करीत आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. नाशिक जिल्ह्याचा आणि नाण्यांचा संबंध जुना आहे. जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक. नाण्यावर नहपानाचा चेहरा व भोवती त्याचे नाव. त्यांतील बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या ठशावरच आपला ठसा मारला. राजा गेला की त्याचा चेहरा व नाव एकदमच पुसावयाचे, ही राजेलोकांची रीत. सामान्य माणसाचे पुसावयास कोणाला श्रम पडत नाहीत. ते आपोआपच पुसले जाते.

त्र्यंबकेश्वराचे मंदिर काळ्या पाषाणाचे. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ च्या सुमारास त्याच्या जीर्णोद्धारास आरंभ केला आणि ते १७८६ मध्ये पुरे झाले. म्हणजे ज्यांनी आरंभ केला त्यांच्या दृष्टीस शिखर पडलेच नाही. गाभाऱ्यात उतरून पाहणाऱ्यास प्रथम नवल वाटते, कारण इतर ज्योतिर्लिंगांप्रमाणे वर आलेले लिंग येथे नाही. शाळुंकेच्या मध्यभागी खळगा आहे, त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे, ब्रह्मा, विष्णू व महेश ह्यांची, आणि पाणी झिरपत असते. एरवी त्यावर चांदीचा मुखवटा ठेवलेला असतो. पर्वकाळी सोन्याचा पंचमुखी मुखवटा चढतो आणि दर सोमवारी तोच पालखीत घालून वाजतगाजत कुशावर्तावर नेतात. देव खळग्यातच राहतो, मुखवटा मिरवतो, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस उभे असलेले लोक मुखवट्यालाच हात जोडतात. त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. आपल्याला चेहऱ्यावाचून भक्ती साधत नाही, हे पूर्वजांनी ओळखले होते. येथून पश्चिमेकडे घाटाच्या बाजूस आदिवासी पाड्यांत बोहाड्याचा उत्सव होतो, त्यातही हाच प्रकार. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे रंगीत मुखवटे तोंडावर बांधून शेतकरी रात्रभर नाचतात. त्या वेळेपुरता तो माणूस राहत नाही, देव किंवा दैत्य असतो.

संध्याकाळी उपाध्यायांच्या वाड्यात बसलो. त्र्यंबकेश्वरातील तीर्थोपाध्यायांकडील वह्या हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. यात्रेकरूने आडनाव व मूळ गाव सांगावे. गुरुजींनी कापडात बांधलेली बाडे उलगडावीत. आणि पहिल्यावहिल्या आलेल्या पाहुण्याला त्याच्याच पणजोबांचे हस्ताक्षर दाखवावे! कोण आले, कोठून आले, बरोबर कोण होते, कोणत्या निमित्ताने आले, हे सारे तिथीवार लिहिलेले. जुनी पाने मोडीत, अलीकडची बाळबोधात. ही वही कोणा सरकारने ठेवावयास लावली नाही. यजमान आणि उपाध्याय ह्या दोन घरांमधील व्यवहारातून ती वाढत गेली, आणि जे जन्ममृत्यूच्या दप्तरात नाही ते पुष्कळदा तिच्यात सापडते.

आमच्या घराण्याचे पान शके १८४२ चे निघाले. आमचे पणजोबा आले होते, बरोबर पत्नी व 'चिरंजीव दोन'. दोघांची नावे दिलेली. थोरले ते आमचे आजोबा. गुरुजींनी धाकट्यांच्या नावावर बोट ठेवून विचारले, "ह्यांची पुढची शाखा कोठे असते? त्यांच्याकडून कोणी आल्याची नोंद नाही."

वडील काही बोलले नाहीत. आत्याबाईच म्हणाल्या, "काकांचा विस्तार नाही, गुरुजी. ते नाटकमंडळीत गेले. लग्न केलं नाही. तरुणपणीच वारले."

"मग उद्या पितृव्यांत त्यांचं नाव घ्यायचं ना?"

वडिलांनी मान हलविली. आमच्या घरी महालयात हे नाव आजवर उच्चारले गेले नव्हते. पणजोबांनी ते बंद केले, आजोबांनी बंद ठेवले, आणि पुढे बंद असल्याचेही कोणाच्या ध्यानात राहिले नाही. त्या काळी ब्राह्मणाच्या मुलाने तोंडाला रंग लावावा ह्यासारखी दुसरी नामुष्की नव्हती, आणि लुगडे नेसून उभे राहावे ही तर सीमाच. घरी बंद झालेले नाव त्र्यंबकास मात्र शंभर वर्षे शाबूत होते.

नाटकाची गोष्ट निघाली तेव्हा गुरुजींनी अभिमानाने सांगितले, "अहो, तोंडाला रंग लावणाऱ्यांना साऱ्या हिंदुस्थानात प्रतिष्ठा मिळवून देणारे गृहस्थ ह्याच गावचे. दादासाहेब फाळके इथलेच की!"

ते खरेच. धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरास ३० एप्रिल १८७० रोजी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे जाणकार. पुढे मुंबईस अध्यापनासाठी गेले. शास्त्र्याचा मुलगा शास्त्री व्हावयाचा, तो १८८५ साली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाला; तेथून बडोद्यास कलाभवनात गेला. चित्र काढणे, फोटो घेणे, ठसे करणे, जादूचे प्रयोग, असे जे जे डोळ्यांना भुलविणारे शास्त्र भेटेल ते ते त्यांनी आत्मसात केले. फाळक्यांना चित्रपटाचे जनक म्हणून सर्व जग ओळखते. परंतु त्याआधी अनेक वर्षे ते चित्रे छापणारे कारागीर होते, हे सहसा सांगितले जात नाही. पुरातत्त्वखात्यातील नोकरी सोडल्यावर त्यांनी लोणावळ्यास छापखान्याचा उद्योग मांडला आणि राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी शिळाछापाची कामे केली. तोच व्यवसाय पुढे दादरास 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' ह्या नावाने वाढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले.

रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरांत पोहोचल्या त्या अशाच कारागिरांच्या हातून. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली निघाला. पुण्याची चित्रशाळा त्याही आधीची, १८७८ ची. शिळाछापात प्रत्येक रंगास वेगळा दगड लागतो. एका चित्रावर दहाबारा वेळा दगड फिरावयाचा आणि प्रत्येक खेपेस रंग आपल्या जागीच बसावयाचा. केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरलाच! ही चित्रे स्वस्त होती म्हणून घरोघर गेली. मात्र त्या चित्रासाठी कोण बाई समोर बसली, दगडावर रेषा कोणी उतरविल्या, रंग कोणी दाबला, हे चित्राखाली कोठेही लिहिलेले नसे. देवाच्या चित्राखाली माणसाचे नाव कसे घालावयाचे, असा संकोच असेल. किंवा तशी चालच नसेल.

ह्या बोलण्यावरून आम्हांस पिशवीतील पुस्तकाची आठवण झाली, आणि समईच्या शेजारी ते उघडून बसलो.

ज्या काळी पुण्यास पेशवाई नांदत होती, त्याच काळी जपानात एदो शहर, म्हणजे आजचे तोक्यो, नाटकांच्या वेडाने झपाटलेले होते. काबुकी नावाचा तेथील नाट्यप्रकार १६०३ च्या सुमारास ओकुनी नावाच्या एका स्त्रीने क्योतो येथे सुरू केला. परंतु सरकारने नीतीच्या नावाखाली १६२९ साली स्त्रियांना रंगभूमीवरून हाकलून लावले. तेव्हापासून स्त्रीची भूमिका पुरुषाने करावयाची चाल पडली. अशा नटाला 'ओन्नागाता' म्हणतात. त्याचे शिक्षण लहानपणापासून चाले, आणि त्याच्या चालण्याबोलण्याची, केशरचनेची, वस्त्रांच्या रंगांची नक्कल शहरातील खऱ्या स्त्रिया करीत. हे ऐकून आत्याबाईंना हसू आले. "म्हणजे आपल्या बालगंधर्वांसारखंच की! आई सांगायची, ते पदर घेत तसा बायका घ्यायला लागल्या म्हणून."

ह्या नटांची त्यांच्या भूमिकांतील चित्रे लाकडी ठशांवरून छापून विकण्याचा तेथे मोठा धंदा होता. एक चित्र चौघांच्या हातून उतरे. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कोरणारा तो कागद जंगली चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून रेघ सोडून बाकीचे लाकूड काढून टाकी. छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी घेऊन, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या ओलसर कागदावर बांबूच्या पानात गुंडाळलेल्या गादीने घासून रंग उठवी. आणि ह्या तिघांच्या पाठीमागे पैसा घालणारा व बाजार ओळखणारा प्रकाशक असे. रंग जागच्या जागी बसावा म्हणून प्रत्येक फळीच्या कडेस एकसारख्या खाचा कोरीत व कागद त्या खाचांत टेकवीत. लोणावळ्यास शिळेवर जो प्रश्न होता तोच एदोत फळीवर, आणि तोडगाही तितकाच साधा. अशी बहुरंगी चित्रे १७६५ पासून निघू लागली. किंमत अगदी थोडी. एक वेळच्या साध्या खाण्याएवढी. नाटक पाहून आलेला सुतार किंवा दुकानदार ते चित्र घेऊन घरी जाई व भिंतीवर डकवी.

पुस्तकातील ज्या चित्रावर सर्वांचे डोळे खिळले ते शाराकू नावाच्या चित्रकाराचे. पाठीमागे काळसर अभ्रकाची चकाकी, आणि समोर छातीपासून वर एका स्त्रीची आकृती. सेगावा तोमिसाबुरो नावाचा नट यादोरिगी नावाच्या स्त्रीच्या भूमिकेत. आत्याबाईंनी चष्मा पुसून पाहिले. "अरे, ही कोण बाई? केस बाईचे, नेसणं बाईचं, पण जबडा मेला पुरुषी दिसतो."

शाराकूचे वैशिष्ट्य तेच होय. त्याच्या आधी कात्सुकावा शुन्शो वगैरे चित्रकारांनी नटांचे खरे चेहरे ओळखू येतील असे काढले होते. पण शाराकूने स्त्रीच्या रंगाखालचा पुरुष झाकला नाही. नट वयस्क असेल तर ते वय दाखविले, नाक मोठे असेल तर ते तसेच काढले. १७९४ च्या पाचव्या महिन्यात एदोच्या तीन नाट्यगृहांत जे खेळ चालू होते त्यांतील नटांची अठ्ठावीस चित्रे त्याने एकदम प्रसिद्ध केली. त्सुताया जूझाबुरो हा त्याचा प्रकाशक. हपापल्यासारखे हात पसरून अंगावर येणाऱ्या एदोबेई नावाच्या गुंडाच्या भूमिकेतील ओतानी ओनिजीचे जगप्रसिद्ध चित्र त्यांतलेच. पुढे दहा महिन्यांत सुमारे दीडशे चित्रे काढून हा चित्रकार एकाएकी नाहीसा झाला. फार खरे काढू गेला म्हणून लोकांस रुचला नाही, असे त्याच्या मागून लिहिणाऱ्यांनी नमूद केले आहे. नटांना आणि त्यांच्या चाहत्यांना भूमिकेचे सौंदर्य हवे होते. ह्याने भूमिका करणारा माणूसही त्यात ठेवला.

गुरुजी बराच वेळ चित्र निरखीत होते. शेवटी त्यांनी त्यांच्या धंद्याला शोभेल असाच प्रश्न केला. "चित्र उत्तम आहे. पण हा गृहस्थ कोण, कुठला, कोणत्या खेळातला, हे तुम्हांला दोनशे वर्षांनी कसं कळलं?"

त्याचे उत्तर मोठे बोधप्रद आहे. चित्रावर चित्रकाराची सही असे, प्रकाशकाची खूण असे, आणि १७९० नंतर तपासणीचा शिक्काही असे. नटाच्या वस्त्रावर त्याच्या घराण्याचे चिन्ह काढीत. पुढच्या काळातील चित्रांवर तर नटाचे नाव व भूमिका स्पष्ट लिहिलेली असते. ह्याखेरीज प्रत्येक खेळाची जाहिरातपत्रके छापली जात आणि लोक ती जपून ठेवीत. पत्रक आणि चित्र शेजारी ठेवले की कोणत्या नाट्यगृहात, कोणत्या महिन्यात, कोणत्या खेळात, कोण काय झाला होता, हे ठरविता येते. नटांच्या घराण्यांत नावेही वारसाने चालतात. इचिकावा दान्जुरो हे नाव सतराव्या शतकापासून चालू असून त्याचा तेरावा धारक २०२२ साली त्या पदावर बसला.

आणखी एक प्रकार गुरुजींना फार आवडला. लाडका नट वारला म्हणजे त्याचे 'शिनी-ए', म्हणजे मृत्युचित्र, छापीत. त्यावर नटाचा चेहरा, मृत्यूची तिथी, वय, मृत्यूनंतर धर्मविधीने दिलेले नाव, आणि अस्थी कोणत्या मंदिरात ठेवल्या त्याचा उल्लेखही. आठवा दान्जुरो १८५४ साली ओसाकास ऐन तारुण्यात आत्मघाताने गेला, तेव्हा त्याची अशी शंभराहून अधिक निरनिराळी चित्रे निघाली. "म्हणजे ह्या चित्रातच आमची वही आली," गुरुजी म्हणाले. "तिथी, नाव, स्थान. आणि वर चेहराही!"

चेहरा हा शब्द निघताच आत्याबाई गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दादा, माळ्यावरच्या पेटीत एक फोटो आहे. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली बाई खुर्चीला टेकून उभी आहे. आपण लहानपणी विचारायचो, ही कुठली आत्या? आई म्हणायची, ठेव तो जागेवर."

वडील म्हणाले, "आहे खरा."

"ती आत्या नव्हे. ते काका असावेत."

फोटोच्या पाठीवर काही लिहिलेले नाही. साल नाही, गाव नाही, नाटकाचे नाव नाही. कोणत्या मंडळीत ते होते हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. आत्याबाईंनाही खात्री देता येईना. जबड्यावरून तर्क, इतकेच. आमच्या घरी चेहरा होता पण त्याला नाव नव्हते, आणि त्र्यंबकास नाव होते पण त्याला चेहरा नव्हता. दोन्ही एकाच माणसाची असतील तरी ती जुळविणारी ओळ कोणी लिहून ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुशावर्तावर स्नाने झाली. होळकरांचे फडणीस रावजीसाहेब पारनेरकर ह्यांनी १७५० च्या सुमारास बांधविलेले हे कुंड चहूंबाजूंनी कमानींच्या ओवऱ्यांनी वेढलेले आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी डोंगरात गुप्त होऊन येथे प्रकट होते, गौतम ऋषींनी दर्भांचा वेढा घालून तिला येथे थांबविले, म्हणून हे कुशावर्त, अशी कथा आहे. ओवऱ्यांच्या पायऱ्यांवर नुकतेच क्षौर केलेले पुरुष ओलेत्याने बसलेले दिसत होते. त्यांना पाहून फाळक्यांच्या चरित्रातील एक आख्यायिका आठवली. 'राजा हरिश्चंद्र' काढावयाचा ठरला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री पुढे येईना. शेवटी ग्रँट रोडवरील एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके ह्यांना त्यांनी तारामती केले. स्त्रीभूमिका करणाऱ्यांना मिशा काढावयास सांगितले, तेव्हा बाप जिवंत असता मिशी कशी काढावी, असा पेच उभा राहिला, असे सांगतात! फाळक्यांनी समजूत घातली, मिशा उतरल्या, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो चित्रपट लोकांपुढे आला.

त्याच वर्षी फाळके नाशिकास आले व पुढील चित्रपट त्यांनी तेथे काढले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ह्यांनी भूमिका केल्या. चित्रपटात उतरलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया त्याच. १९१७ च्या 'लंकादहना'त साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. १९१९ च्या 'कालिया मर्दना'त फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. पुरुष सीता होतो, मुलगी कृष्ण होते, आणि प्रेक्षक दोघांनाही हात जोडतात; त्र्यंबकाच्या पालखीपुढे उभे राहणारे लोक ह्याहून वेगळे काय करतात? शास्त्र्याच्या घरी जन्मलेल्या ह्या पुरुषाने मुखवट्यामागची श्रद्धा ओळखली आणि यंत्राच्या साहाय्याने ती गावोगाव नेली.

परंतु ह्या चेहऱ्यांचे पुढे झाले काय? फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकास निवर्तले. त्यांच्या नव्वदांहून अधिक चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले आहेत. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणारी व काळाने आपोआप कुजणारी; त्यात जपणुकीची बुद्धी कोणाला नव्हती. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले तोवर फार उशीर झाला होता. 'राजा हरिश्चंद्रा'च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे, अशी दोनच रिळे उरली. आणि तीही मूळ १९१३ ची की १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, ह्याविषयी अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे चेहरा समोर हलतो आहे, पण तो कोणत्या सालचा हे खात्रीने सांगता येत नाही. नाशिकास पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेबांचे स्मारक आहे, १९६९ पासून त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कारही दिला जातो. नाव असे थोर झाले. काम मात्र बव्हंशी गेले.

जपानी लोक जात्याच अधिक व्यवस्थित, असे म्हणून हा विषय सोडून देणे योग्य नव्हे. त्यांचीही चित्रे पुष्कळ रद्दीत गेली, आणि परदेशी रसिकांनी त्यांची वाखाणणी केल्यावर त्यांचे त्यांनाच मोल कळले. शाराकूची कीर्ती वाढली ती १९१० साली एका जर्मन पंडिताने त्याच्यावर ग्रंथ लिहिल्यानंतर. पण तो शाराकू स्वतः कोण, हे कोडे दोन शतके सुटत नव्हते. चेहरे त्याने दीडशे काढले आणि स्वतःचा ठावठिकाणा ठेवला नाही. जुन्या लेखांत एवढेच होते की, आवा संस्थानच्या सरदाराच्या पदरी असलेला साइतो जूरोबेई नावाचा 'नो' नाट्यातील नट तो हाच. असा मनुष्य खरोखर होता काय, अशी शंकाही पुष्कळांनी घेतली. शेवटी १९९७ साली तोक्योजवळील कोशिगाया गावच्या एका बौद्ध मंदिराच्या मृतांच्या वहीत त्या नावाची नोंद सापडली. १८२० साली, वयाच्या ५८ व्या वर्षी तो वारला होता. आज बहुतेक अभ्यासक त्यालाच शाराकू मानतात. चित्रांनी जे सांगितले नाही ते मंदिरातील वहीने सांगितले.

हे गुरुजींना सांगितले तेव्हा त्यांनी आपल्या बाडांकडे समाधानाने पाहिले, आणि त्यांचे समाधान रास्तच होते. त्यांच्या पूर्वजांनी जे केले ते कोणत्याही संशोधनमंदिराच्या तोडीचे आहे. परंतु वही अर्धेच काम करते. उरलेले अर्धे काम तुमच्याआमच्या घरांत, माळ्यावरच्या पेट्यांत, गाद्यांच्या कपाटांत, फुटक्या काचेच्या तसबिरींत पडून आहे. नाटकांची हस्तपत्रके, जाहिराती, जुनी दिनदर्शिका, मुंजीचे व संमेलनांचे फोटो, आणि ज्यांविषयी घरात बोलत नसत अशा माणसांची चित्रे ही घर बदलताना पहिल्या झटक्यात रद्दीवाल्याकडे जातात. देवाची तसबीर फुटली तर आपण ती नदीत सोडतो. माणसाच्या तसबिरीस तेवढाही मान मिळत नाही.

एकत्र कुटुंबे आता मोडत चालली आहेत आणि त्यांबरोबर 'हे कोण?' ह्या प्रश्नाचे उत्तर देणारी माणसेही जात आहेत. म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. येत्या पितृपक्षात घरातील वडीलधाऱ्या मंडळींस समोर बसवावे, पेटी उघडावी, आणि प्रत्येक चित्रामागे मऊ पेन्सिलीने चार गोष्टी लिहाव्यात : नाव, नाते, गाव आणि साल. शाई वापरू नये. ती पुढे उमटते. कोणी नाटकात किंवा सिनेमात गेले असल्यास खेळाचे व भूमिकेचे नावही लिहावे, आणि ते लिहिताना आवाज खाली करू नये. जे नुसते तर्काने ठरविले असेल तेथे 'बहुधा' असे प्रामाणिकपणे घालावे. काम एका दुपारचे आहे. लिहून ठेवावयाचे आहे ते मात्र पुढच्या पिढीने ज्याला विचारावे असे माणूस घरात उरलेले नसते त्या दिवसासाठी.